जुन्या, कमी मेमरीच्या संगणकावर लिनक्स: बसवण्यापासून पुढच्या आवृत्तीपर्यंत

विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, किमान ४ जीबी मेमरी आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसणारा प्रोसेसर लागतो. त्यामुळे मुंबईतल्या घरांत, गृहनिर्माण संस्थांच्या कार्यालयांत, वाचनालयांत आणि रात्रशाळांत व्यवस्थित चालणारे अनेक संगणक केवळ या अटींमुळे माळ्यावर किंवा भंगारात जाऊ लागले आहेत. यांतील बहुतेक संगणक लिनक्स या विंडोजऐवजी बसवता येणाऱ्या विनामूल्य ऑपरेटिंग सिस्टमवर आणखी काही वर्षे उपयोगी पडू शकतात. मात्र त्यासाठी ‘सर्वांत हलके लिनक्स कोणते’ या प्रश्नापासून सुरुवात करू नये. ब्राउझर उघडल्यावर किती मेमरी उरते आणि पुढील आवृत्तीचा रस्ता या यंत्रासाठी खुला आहे की नाही, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. डिस्ट्रोचे, म्हणजे लिनक्सच्या तयार संचाचे, नाव या उत्तरांवरूनच ठरते.

या लेखात आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. संगणकावर त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत टाइप कराव्यात.

यंत्राची ओळख

सर्वप्रथम प्रोसेसर ३२ बिटांचा आहे की ६४ बिटांचा, हे पाहावे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टम’ या भागात ही माहिती मिळते, परंतु ती नीट वाचावी लागते. ६४ बिटांच्या प्रोसेसरवर ३२ बिटांची विंडोज बसवलेली असणे ही आपल्याकडे अगदी सामान्य गोष्ट आहे, आणि अशा वेळी ‘सिस्टम टाइप’ या ओळीतील ‘एक्स६४-बेस्ड प्रोसेसर’ हे शब्द महत्त्वाचे असतात, आधीचे ‘३२-बिट ऑपरेटिंग सिस्टम’ हे शब्द नव्हेत. लिनक्स चालू असेल तर टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा द्यावी. प्रोसेसर ६४ बिटांचा असल्यास वरच्याच ओळींत ३२ आणि ६४ हे दोन्ही आकडे दिसतात. साधारणपणे २००६ नंतरचे कोअर २ ड्युओ प्रोसेसर ६४ बिटांचे आहेत. त्यांच्याच आगेमागे आलेला, नावात ‘२’ नसलेला कोअर ड्युओ आणि २००८ च्या सुमारास छोट्या नेटबुकांत सर्रास वापरला गेलेला अ‍ॅटम एन२७० हे मात्र ३२ बिटांचे आहेत. हा फरक पुढच्या प्रत्येक निर्णयावर परिणाम करतो.

दुसरी नोंद मेमरीची. किती जीबी बसवली आहे, ती डीडीआर२ आहे की डीडीआर३, मदरबोर्डवर किती खाचा आहेत आणि चिपसेट (मदरबोर्डवरील नियंत्रक चिपा) जास्तीत जास्त किती मेमरी स्वीकारतो, हे कागदावर लिहून ठेवावे. इंटेल ९४५ मालिकेच्या चिपसेटचा लॅपटॉप असेल तर ४ जीबी लावूनही प्रत्यक्षात ३ जीबीच्या आसपासच वापरता येते, आणि एन२७० च्या नेटबुकांची मर्यादा २ जीबी असते. ही मर्यादा माहीत नसताना केलेली खरेदी वाया जाते.

खरेदी करायचीच असेल, तर ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेला असलेल्या लॅमिंग्टन रोडवर वापरलेली डीडीआर२ आणि डीडीआर३ मेमरी मिळते. जुनी पट्टी सोबत न्यावी, तिच्यावरचे लेबल दुकानदाराला दाखवावे आणि नवी पट्टी चालली नाही तर बदलून मिळेल ना, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, ती डेस्कटॉपला बसत नाही. तसेच डीडीआर३ आणि कमी व्होल्टेजची डीडीआर३एल यांतही फरक आहे. डीडीआर३एल १.३५ आणि १.५ अशा दोन्ही व्होल्टेजांवर चालते, साधी डीडीआर३ मात्र १.५ व्होल्टचीच असते.

मेमरीच्या खालोखाल फायदा साटा जोडणीच्या एसएसडीने, म्हणजे फिरते भाग नसलेल्या डिस्कने, होतो, आणि २ जीबी मेमरी असलेल्या यंत्रात तर मला ती अधिक महत्त्वाची वाटते. कारण मेमरी संपली की लिनक्स तिच्यातील मजकूर डिस्कवरील स्वॅप या राखीव जागेत हलवते, आणि फिरत्या तबकडीच्या डिस्कवर ही ये-जा इतकी संथ असते की संगणक बंद पडल्यासारखा वाटतो. साध्या १२० किंवा १२८ जीबीच्या एसएसडीवर हाच प्रसंग काही क्षणांच्या विलंबावर निभावतो.

मुंबईच्या हवेमुळे आणखी दोन गोष्टी तपासाव्या लागतात. दोन-तीन पावसाळे माळ्यावर काढलेल्या संगणकाच्या मेमरीच्या पट्टीवरील सोनेरी संपर्कांवर पुट चढते आणि यंत्र सुरू होताना नुसते बीप-बीप करते. वीजजोडणी काढून, पट्टी बाहेर घेऊन, ते संपर्क स्वच्छ खोडरबराने हलके पुसून पट्टी पुन्हा घट्ट बसवल्यास पुष्कळ वेळा तेवढ्यावर काम भागते. दुसरी गोष्ट म्हणजे मदरबोर्डवरील नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी. ती संपलेली असेल तर संगणकाची तारीख मागे जाते, आणि मग ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाचे प्रमाणपत्र नाकारतो व डेबियन ही डिस्ट्रो पॅकेजांची, म्हणजे सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांची, यादी ‘अजून वैध नाही’ असे म्हणून थांबते. नवख्या माणसाला हा इंटरनेटचा दोष वाटतो. ही बॅटरी स्थापनेपूर्वीच बदलून टाकावी.

विंडोज पुसण्यापूर्वी

फोटो आणि कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर घ्यावीत, हे सर्वांना माहीत असते. मराठी वापरकर्त्यांची खरी अडचण वेगळी आहे. श्रीलिपी, आकृती यांसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत टाइप केलेल्या फायली तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडल्या की मजकुराच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे आणि चिन्हे दिसतात. संस्थेची इतिवृत्ते, सभासदांच्या याद्या, कथा-कवितांची हस्तलिखिते अशा फायलींत वर्षानुवर्षे पडून असतात. विंडोज चालू आहे तोवर अशा प्रत्येक फायलीचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे, जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांनी तपासावेत, आणि शिवाय प्रत्येकाची एक पीडीएफ प्रत काढून ठेवावी. या कामाला वेळ लागतो, परंतु ते टाळून पुढे जाऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्या किंवा डिजिटल सहीचे यूएसबी टोकन वापरणाऱ्या कार्यालयाने तो एक संगणक विंडोजवरच ठेवावा आणि बाकीचे लिनक्सवर आणावेत. प्रिंटरचीही आधी चौकशी करावी. एचपीचे बरेचसे प्रिंटर ‘एचपीलिप’ या पॅकेजने चालतात, पण लेझरजेट १०२० सारख्या मॉडेलला त्यासोबत एक वेगळा प्लगइन उतरवावा लागतो. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानांपासून सोसायटीच्या कार्यालयापर्यंत सगळीकडे दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० लिनक्सवर चालवणे कष्टाचे आहे आणि नवख्याने त्यापासून सुरुवात करू नये.

डिस्ट्रोची निवड

४ जीबी मेमरी आणि ६४ बिटांचा प्रोसेसर असेल, तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई (पडद्यावरील खिडक्या-मेनूंचा हलका ‘डेस्कटॉप’) आवृत्ती घ्यावी. मिंट किमान २ जीबी मागते आणि ४ जीबीची शिफारस करते. विंडोजवरून येणाऱ्या माणसाला तिची मांडणी परकी वाटत नाही, आणि मिंट २२ मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार आहेत.

२ जीबी मेमरी असेल तर मी डेबियन १३ सुचवतो, डेस्कटॉप म्हणून एलएक्सक्यूटी किंवा एक्सएफसीई निवडून. उबुंटू या डिस्ट्रोची हलकी बहीण लुबुंटूही याच वर्गातली आहे, परंतु उबुंटूच्या कुटुंबात फायरफॉक्स ‘स्नॅप’ या वेगळ्या, बंदिस्त पॅकेजच्या स्वरूपात येतो आणि जुन्या डिस्कवर तो पहिल्यांदा उघडायला बराच वेळ घेतो. डेबियनमध्ये तो साध्या पॅकेजच्या रूपात मिळतो. डेबियनच्या स्वतःच्या दस्तऐवजात डेस्कटॉपसह वापरासाठी किमान १ जीबी आणि शिफारस म्हणून २ जीबी मेमरी सांगितली आहे. डेबियन १३ ही आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ रोजी आली आणि दीर्घकालीन पाठिंबा धरून ती २०३० च्या मध्यापर्यंत चालेल.

१ जीबी किंवा त्याहून कमी मेमरी असेल तर अँटीएक्स हा चांगला पर्याय आहे. त्यात जड डेस्कटॉपऐवजी आइसडब्ल्यूएमसारखा हलका विंडो-व्यवस्थापक असतो. पपी लिनक्स याहूनही छोटे आहे आणि पूर्णपणे मेमरीतून चालू शकते, पण त्यात वापरकर्ता मुळातच प्रशासकाच्या अधिकाराने काम करतो, म्हणून बँकेचे व्यवहार किंवा अनेकांच्या वापरातला संगणक यासाठी मी ते सुचवत नाही.

३२ बिटांच्या यंत्रांबाबत स्पष्टपणे बोलायला हवे. डेबियन १३ मध्ये ३२ बिटांच्या पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल (प्रणालीचा गाभा) दोन्ही नाहीत. त्यामुळे अशा यंत्राला डेबियन १२ किंवा तिच्यावर आधारलेली अँटीएक्स २३ घ्यावी लागते, आणि डेबियन १२ चा दीर्घकालीन पाठिंबा जून २०२८ मध्ये संपतो. गूगल क्रोमने ३२ बिटांचे लिनक्स २०१६ मध्येच सोडले. मोझिलानेही फायरफॉक्स १४४ नंतर ते थांबवले आहे. म्हणजे रोज इंटरनेटवर बसण्यासाठी हे यंत्र आता सुरक्षित राहणार नाही. टंकलेखनाचा सराव, वाचनालयातील पुस्तकांची यादी, गाणी ऐकणे, मुलांचे प्रोग्रॅमिंगचे पहिले धडे, एवढ्यासाठी ते अवश्य ठेवावे. त्यावर पैसे मात्र खर्च करू नयेत.

पेन ड्राइव्ह आणि पहिली सुरुवात

८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. डिस्ट्रोच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच आयएसओ फाइल (स्थापनेच्या डिस्कची पूर्ण प्रतिमा) उतरवावी आणि तेथे दिलेल्या एसएचए२५६ या पडताळणी-आकड्याशी ती जुळवून पाहावी. अर्धवट उतरलेल्या फाइलमुळे स्थापना मध्येच कोसळते आणि दोष विनाकारण जुन्या यंत्रावर येतो. ही फाइल पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही, ती विंडोजवर रूफस किंवा बलेनाएचर या प्रोग्रॅमने लिहावी लागते. रूफसमध्ये जुन्या बायोसच्या (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या) यंत्रासाठी ‘एमबीआर’ हा प्रकार निवडावा, आणि ‘आयएसओ’ पद्धतीने लिहिलेला ड्राइव्ह सुरू झाला नाही तर ‘डीडी’ पद्धतीने पुन्हा लिहावा.

संगणक पेन ड्राइव्हवरून सुरू करण्याच्या बूट मेनूसाठी डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ१२, एचपीवर एस्केप किंवा एफ९, तर असुसच्या लॅपटॉपवर एस्केप दाबावे लागते. दोन प्रकारचे यूएसबी पोर्ट असतील तर निळ्या रंगाचा सोडून साध्या पोर्टात ड्राइव्ह लावावा. लॅपटॉपची बॅटरी जुनी असतेच, म्हणून चार्जर जोडूनच काम करावे.

मिंट, लुबुंटू किंवा अँटीएक्स आधी ‘लाइव्ह’ स्वरूपात, म्हणजे डिस्कला हात न लावता, चालवून पाहावे. वायफाय, आवाज, पडद्याचा आकार आणि झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपतो-उठतो की नाही, एवढे तपासले की पुष्कळसे कळते. लाइव्ह स्वरूपातला संथपणा पाहून निराश होऊ नये, कारण त्या वेळी सर्व काही पेन ड्राइव्हवरून वाचले जात असते आणि तात्पुरत्या फायलीही मेमरीतच राहत असतात.

स्थापना

कमी मेमरीच्या यंत्रावर लाइव्ह डेस्कटॉपमधून स्थापना करण्यापेक्षा डेबियनचा ‘नेटइन्स्ट’ हा साधा इन्स्टॉलर वापरावा. तो डेस्कटॉप न उघडताच काम करतो आणि मेमरी कमी दिसल्यास आपले काही भाग स्वतःच वगळतो. डेबियन १२ पासून अधिकृत इन्स्टॉलरमध्येच वायफाय चिपांचे बहुतेक फर्मवेअर (चिप चालवणारे छोटे सॉफ्टवेअर) समाविष्ट असल्याने पूर्वीची मोठी डोकेदुखी कमी झाली आहे. तरीही वायफाय सापडले नाही, तर अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे. इन्स्टॉलरला तो तारेचे नेटवर्क म्हणून दिसतो. चाळीतल्या किंवा भाड्याच्या खोलीत राऊटर नसला तरी काम अडत नाही. डेटा मात्र एक-दोन जीबी लागेल.

इन्स्टॉलर अनेक प्रश्न विचारतो. त्यांतल्या चार ठिकाणी विचार करून उत्तर द्यावे. ‘रूट’चा, म्हणजे मुख्य प्रशासकाचा, पासवर्ड विचारल्यावर ती जागा रिकामी सोडावी, म्हणजे आपल्या वापरकर्त्याला ‘सुडो’चा (प्रशासकाच्या नावे आज्ञा देण्याचा) अधिकार आपोआप मिळतो. डिस्कची विभागणी करताना ‘होम’साठी, म्हणजे आपल्या फायलींच्या फोल्डरासाठी, वेगळे पार्टिशन (डिस्कचा स्वतंत्र भाग) घ्यावे आणि मूळ प्रणालीच्या पार्टिशनला किमान २५ जीबी जागा आहे ना, हे पाहावे, पुढे कधी प्रणाली नव्याने बसवावी लागली तर आपल्या फायली जागच्या जागी राहतात. सॉफ्टवेअर निवडीच्या पानावर ‘ग्नोम’ या जड डेस्कटॉपवरची खूण काढून एलएक्सक्यूटी किंवा एक्सएफसीईवर खूण करावी, कारण काहीच न बदलता पुढे गेल्यास ग्नोम बसतो आणि २ जीबीच्या यंत्राला तो झेपत नाही. शेवटी ‘ग्रब’ हा बूट लोडर (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम) कोठे बसवायचा, असे विचारले जाते. तेथे हार्ड डिस्कचे नाव आणि आकार वाचूनच निवड करावी. काही यंत्रांत पेन ड्राइव्हलाच ‘एसडीए’ हे पहिले नाव मिळते, आणि ग्रब त्यावर बसला तर पेन ड्राइव्ह काढताच संगणक सुरू होत नाही.

पहिल्या दिवशी करायची कामे

टर्मिनल उघडून ‘सुडो एपीटी अपडेट’ आणि त्यानंतर ‘सुडो एपीटी अपग्रेड’ द्यावे. मग ‘झेडरॅम-टूल्स’ हे पॅकेज बसवावे. झेडरॅम मेमरीचाच एक भाग संकुचित स्वॅप म्हणून वापरते, म्हणजे क्वचित लागणारा मजकूर डिस्कवर न जाता मेमरीतच दाबून ठेवला जातो. प्रोसेसरला थोडे अधिक काम पडते, पण कोअर २ ड्युओच्या काळातल्या यंत्रालाही ते सहज जमते. ‘झेडरॅमस्वॅप’ या सेटिंग फाइलमध्ये प्रमाण ५० टक्के आणि पद्धत ‘एलझेड४’ ठेवावी. डिस्कवरचा १ ते २ जीबीचा स्वॅपही राहू द्यावा.

परिणाम मोजण्यासाठी ‘फ्री’ ही आज्ञा, एक जागा सोडून आडवी रेघ आणि ‘एच’ अशी द्यावी. त्यात ‘फ्री’ या रकान्याकडे पाहून घाबरू नये. लिनक्स मोकळी मेमरी डिस्कवरील फायलींच्या साठ्यासाठी वापरते आणि गरज पडताच परत देते. पाहायचा रकाना ‘अव्हेलेबल’ हा आहे. ब्राउझरमध्ये आपली नेहमीची पाने उघडून मग तो आकडा पाहावा.

ब्राउझर हाच मेमरीचा सर्वांत मोठा ग्राहक असतो. फायरफॉक्समध्ये ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे विस्तारक घातल्याने जाहिरातींचे ओझे उतरते आणि जुन्या यंत्रावर त्याचा फरक लगेच जाणवतो. यूट्यूब अडखळत असेल तर ‘एच२६४’ स्वरूपाचाच व्हिडिओ मागवणारे विस्तारक बसवावे, कारण नवे व्हीपी९ आणि एव्ही१ हे प्रकार उलगडण्याची सोय जुन्या ग्राफिक चिपांत नसते आणि सारा भार प्रोसेसरवर येतो. व्हिडिओ ४८० पिक्सेलवर पाहावा.

मराठीसाठी ‘फॉन्ट्स-डेव्हा’ हे पॅकेज बसवले की देवनागरी फॉन्ट मिळतात. टायपिंगसाठी वेगळा प्रोग्रॅम चालवण्याची गरज नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट आराखडा मुळातच असतो. तो इंग्रजीच्या जोडीला घ्यावा आणि बदलण्यासाठी एक कळ ठरवावी. यात एक मेगाबाइटही अधिक खर्च होत नाही, म्हणून ध्वन्यात्मक टायपिंगची सवय असलेल्यांनीही इनस्क्रिप्ट शिकावे असे मला मनापासून वाटते. ज्यांना टर्मिनलची भीती वाटते, त्यांच्यासाठी पवईच्या आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरिअल’ प्रकल्पात लिनक्सचे मराठी पाठ विनामूल्य उपलब्ध आहेत.

पुढच्या आवृत्तीवर जाताना

रोजच्या दुरुस्त्या आणि नवी आवृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुरुस्त्या दर आठवड्याला घ्याव्यात. नवी आवृत्ती आली म्हणून त्याच दिवशी धावू नये. एक-दोन महिने थांबावे, पण चालू आवृत्तीचा पाठिंबा संपण्याची वाटही पाहू नये.

डेबियन १२ वरून १३ वर जाण्याची पद्धत अशी आहे. यंत्र ३२ बिटांचे असेल तर येथेच थांबावे, कारण अशा यंत्रांनी १३ वर जाऊ नये असे डेबियनने स्वतःच सांगितले आहे. ६४ बिटांच्या प्रोसेसरवर चुकून ३२ बिटांचे डेबियन बसवलेले असल्यास ६४ बिटांचे नव्याने बसवावे. वेगळे ‘होम’ पार्टिशन येथे उपयोगी पडते. एक टप्पा गाळून उडी मारता येत नाही. ११ वर असाल तर आधी १२, मग १३.

फायलींची प्रत बाहेर काढून घ्यावी. मूळ पार्टिशनवर काही जीबी मोकळी जागा आहे का, हे ‘डीएफ’ आज्ञेने पाहावे, आणि ‘बूट’चे वेगळे पार्टिशन असेल तर ते किमान ७६८ एमबीचे असून त्यात ३०० एमबी जागा मोकळी असावी. बाहेरून जोडलेले पॅकेज-स्रोत तात्पुरते बंद करावेत. चालू आवृत्तीच्या सर्व दुरुस्त्या घेऊन संगणक एकदा पुन्हा सुरू करावा. त्यानंतर ‘ईटीसी’ फोल्डरातील ‘एपीटी’ या उपफोल्डरात असलेल्या ‘सोर्सेस.लिस्ट’ फाइलमध्ये ‘बुकवर्म’ (डेबियन १२ चे सांकेतिक नाव) हा शब्द जेथे जेथे आहे तेथे ‘ट्रिक्सी’ (१३ चे नाव) लिहावा.

आता डेस्कटॉपमधून बाहेर पडून कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या कळा एकत्र दाबाव्यात आणि काळ्या पडद्यावर लॉगिन करावे. कमी मेमरीच्या यंत्रावर ही पायरी वगळू नये. डेस्कटॉप आणि ब्राउझर बंद असल्याने पॅकेज-व्यवस्थापकाला पुरेशी मेमरी मिळते, आणि मध्येच डेस्कटॉप कोसळून काम अर्धवट राहण्याचा धोका टळतो. तेथे ‘सुडो एपीटी अपडेट’ द्यावे. मग ‘सुडो एपीटी अपग्रेड’ला दोन आडव्या रेघा देऊन ‘विदाउट-न्यू-पीकेजीएस’ जोडावे, आणि ते संपल्यावर ‘सुडो एपीटी फुल-अपग्रेड’ द्यावे. दोन टप्पे करण्याचे कारण असे की पहिल्या टप्प्यात नवीन पॅकेजे न आणता आहेत तीच बदलली जातात आणि गुंतागुंत कमी होते. जुन्या डिस्कवर हे काम काही तास चालू शकते. सेटिंग फायलींबाबत प्रश्न विचारला आणि आपण ती फाइल कधी बदलली नसेल, तर नवी फाइल स्वीकारावी. वीज गेली किंवा यंत्र मध्येच थांबले, तर पुन्हा सुरू करून ‘सुडो डीपीकेजी’पुढे दोन आडव्या रेघा, ‘कॉन्फिगर’, मग एक जागा सोडून आडवी रेघ आणि ‘ए’ अशी आज्ञा द्यावी. अर्धवट राहिलेली पॅकेजे त्याने मार्गी लागतात.

डेबियन १३ मध्ये झालेला एक बदल कमी मेमरीच्या यंत्रांसाठी फार महत्त्वाचा आहे. तात्पुरत्या फायलींचा ‘टीएमपी’ हा फोल्डर आता डिस्कवर न राहता मेमरीत राहतो आणि तो निम्म्यापर्यंत मेमरी व्यापू शकतो. १६ जीबीच्या संगणकावर याने काही बिघडत नाही. २ जीबीच्या यंत्रावर एखादी मोठी फाइल तेथे उघडली गेली तर संगणक गुदमरतो. म्हणून ‘सुडो सिस्टमसीटीएल मास्क टीएमपी.माउंट’ ही आज्ञा देऊन यंत्र पुन्हा सुरू करावे, म्हणजे तो फोल्डर पूर्वीप्रमाणे डिस्कवर जातो. डेबियन १३ नव्याने बसवणाऱ्यांनीही हे करावे.

लुबुंटूमध्ये नव्या दीर्घकालीन आवृत्तीची सूचना तिची पहिली उप-आवृत्ती आल्यावर मिळते आणि मिंटमध्ये त्यासाठी स्वतंत्र अपग्रेड साधन आहे. दोन्हींत फायलींची प्रत आणि मोकळी जागा एवढी तयारी लागतेच. अँटीएक्सच्या मोठ्या आवृत्तीसाठी पॅकेजे बदलत बसू नये. नवी प्रणाली नव्याने बसवावी आणि तिच्या इन्स्टॉलरमधील ‘होम’ जपून ठेवण्याचा पर्याय निवडावा.

अपग्रेड झाल्यावर वायफाय, प्रिंटर, आवाज आणि मराठी टायपिंग पुन्हा तपासावे, ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह’ने जुनी पॅकेजे काढावीत, परंतु नवीन कर्नलवर दोन-चार दिवस काम सुरळीत चालल्याची खात्री होईपर्यंत जुना कर्नल काढू नये. ग्रबच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ या ओळीतून तो निवडता येतो, आणि जुन्या ग्राफिक चिपेशी नव्या कर्नलचे जमले नाही तर पडदा परत मिळवण्याचा तोच सर्वांत सोपा मार्ग असतो.